तिसऱ्या रांगेचा प्रश्न

उमेदवार बोलायला उठला तेव्हा खुणांच्या भाषेची दुभाषी मंचाच्या डाव्या कडेला तयार उभी होती. काळा सदरा, पूर्ण बाह्या, बोटांत अंगठी नाही. हात लांबून दिसले पाहिजेत, बाकी ती दिसली नाही तरी चालत होतं. तिसऱ्या रांगेत कर्णबधिर शाळेची माणसं बसली होती आणि त्यांच्या मधोमध तिचे वडील. स्वतः जन्मापासून बहिरे, त्या शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवणारे. बोलायला लागण्याआधी ती खुणा करायला शिकली, ती त्यांच्याकडूनच.

सभा राज्याच्या निवडणुकीची होती. एकेका विषयावर उमेदवाराची भूमिका काय, ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, असं संयोजकांनी ठरवलं होतं. दुभाषीला त्यांनी बजावलं होतं, पदरचं काही घालायचं नाही. ते सांगायची गरज नव्हती. आधी ऐकायचं, अर्थ पकडायचा आणि मगच हात हलवायचे, हे काम ती चोख करायची.

पाण्याच्या प्रश्नावर उमेदवार फर्डं बोलला. नवी जलवाहिनी, दोन वर्षांत. रस्त्यांवर तर त्याने किलोमीटरचे आकडेच पाठ म्हणून दाखवले. प्रत्येक दवाखान्यात रात्रपाळीचा डॉक्टर. तिचे हात झरझर चालले होते आणि तिसरी रांग माना डोलवत होती. माणूस बरा वाटत होता, तिलासुद्धा.

मग संयोजकाने तिसऱ्या रांगेतून आलेली चिठ्ठी वाचली. कर्णबधिरांची शाळा बंद करायच्या यादीत आहे. निवडून आलात तर ती चालू ठेवाल का?

वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

उमेदवार पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. शिक्षण हा समाजाचा पाया. सर्व घटकांना विश्वासात घेऊन, काळाची पावलं ओळखून, व्यापक दृष्टीने. दुभाषी अर्थाची वाट पाहत राहिली. विषय जवळचा, तिने सांगितलं. शिक्षण महत्त्वाचं, तेही सांगितलं. पुढची तीन मिनिटं तिचे हात पोटाशी स्वस्थ होते. बाकीचं सभागृह मधूनमधून टाळ्या वाजवत होतं. तिसरी रांग एकदा त्या टाळ्यांकडे पाही, एकदा तिच्याकडे. त्याचे ओठ इतका वेळ हलताहेत म्हणजे काहीतरी मोठं चाललंय आणि ही पोर ते आपल्यापासून लपवतेय, असं त्यांच्या चेहऱ्यांवर सरळ दिसत होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उमेदवाराचंही तिच्या हातांकडे लक्ष गेलं. तो हसला.

"ताई, दमलात वाटतं? मी काय म्हणतोय ते त्यांना कळू द्या की."

सभागृहात हशा पिकला. तिच्याजवळ माईक नव्हता. मंचावर ऐकू जाईल इतपत आवाजात ती म्हणाली, "सांगते साहेब. शाळा राहणार की जाणार, तेवढं बोला. दोन्हींना खूण आहे."

हशा विरला. उमेदवाराने घड्याळ पाहिलं.

"योग्य वेळी योग्य तो निर्णय होईल," असं म्हणून त्याने संयोजकाला पुढचा प्रश्न घ्यायला सांगितलं.

आता हे तरी जसंच्या तसं सांगायला हवं होतं. तिने हात उचलले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून वडिलांचा हात वर आला. रंधा धरून जाड झालेली बोटं, आणि खुणा अगदी सावकाश, ती लहान असताना करायचे तशा. राहू दे. हात खाली घे. कळलं आम्हाला.

मग ते शेजारच्या मुख्याध्यापकांकडे वळले आणि हत्यारांच्या पेटीचं झाकण लावावं तसा त्यांनी एक तळवा दुसऱ्यावर अलगद टेकवला.