एप्रिलचा अंक

सकाळी साडेदहाला मराठी मंडळाचे अध्यक्ष येलहंका उपनगरातल्या छापखान्यात येऊन थडकले. एप्रिलमध्ये त्यांनी मंडळाचं वाचनालय कुणालाही न विचारता रद्दीत काढलं होतं आणि ती बातमी असलेला मासिकाचा अंक जुलैपर्यंत दाबून ठेवला होता.

"प्रमोदिनीबाई, एप्रिल ते जुलै एकच जोडअंक काढा. शिळ्या बातम्या गाळा."

"एप्रिलचा अंक एप्रिलचाच निघेल."

"मग आजपासून तुम्ही संपादक नाही!"

"सरी, ठीक आहे. ते जुलैच्या अंकात छापू. एप्रिलची संपादक मीच." प्रमोदिनीने सही केलेलं प्रूफ पुढे केलं. "गुंडोअण्णा, घ्या छापायला."

छापखान्याच्या गुंडोअण्णांनी यंत्र सुरू केलं. दुपारी एकपर्यंत चारशे प्रती निघाल्या होत्या, आणि अध्यक्ष दारात उभे राहून वकिलाला फोन लावत होते.