सावध महाशीर

तिसऱ्यांदा जाळं ओढलं, तेव्हाही आत चिलापीच निघाली. वीतभर, काटेरी, कुठल्याही तळ्यात निघते तशी. महाशीर एकही नाही.

दोन वर्षांपूर्वी पिंपळनेरजवळच्या या धरणात महाशीरची दहा हजार पिल्लं सोडली होती. नदीचा मासा नदीकाठच्या माणसांना परत मिळावा म्हणून. तो मोठा होईपर्यंत नदीकाठच्या माणसांना मासेमारी बंद. आज मूल्यमापन समिती आली होती. महाशीर सापडला तर बंदी उठणार होती. मासे विकणारी पार्वताबाई सकाळपासूनच रिकामी पाटी घेऊन काठावर बसली होती.

समितीचे अध्यक्ष डॉ. भूपेंद्र छत्रीखाली खुर्चीवर होते. त्यांनी माशांवर पुस्तक लिहिलं होतं. पाण्याजवळ जायची त्यांना सवय नव्हती.

"महाशीर मुळातच चलाख," ते म्हणाले. "दोन वर्षांत त्यानं जाळं ओळखलं. हेमांगी मॅडम, लिहा. माशांमध्ये सावधपणा वाढल्याचे आढळले."

हेमांगीचं पेन थांबलं. "सर, पण मासा दिसलाच नाही."

"म्हणूनच सावध."

भटूनाना गुडघाभर पाण्यात जाळं धरून उभा होता. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं होतं, शेवटची दोन सोडून.

"साहेब, दोन वरीस आठे पानीमा जाळं पडनंच नही. मंग त्यानी वळखं कसं?"

भूपेंद्रांनी याची नोंद घ्यायला सांगितलं नाही.

"पिल्लं सोडी त्याच दिन मरी गयात, साहेब. सोडनारा पाव्हना तीन तास उशिरा उना. तवलोंग पिल्लास्न्या पिशव्या ऊनमा पडेल व्हत्यात. पिशवी आदूगर पानीवर तरंगत ठेवनी पडस. आतलं-बाहेरलं पानी सारखं व्हस, मंग तोंड सोडनं. पाव्हनानी उना तशी फोडी."

"किती मेली, तुम्ही मोजली होती?"

"मी नही. बगळास्नी मोजी."

पार्वताबाई फिसकन हसली. "पन साहेब, बंदी उठस का नही, ते सांगा ना."

"बाई, सावध माशाला शांतता लागते," भूपेंद्र समजुतीनं म्हणाले. "आणखी दोन वर्षं."

"आनि मासा सापडता तर?"

"तर प्रयोग यशस्वी. मग त्याला जपावंच लागलं असतं."

पार्वताबाईनं पाटी उचलली, उलटी केली आणि उन्हासाठी डोक्यावर घेतली. दोन वर्षांत पाटीचा तेवढाच उपयोग उरला होता.

तेवढ्यात धरणाच्या भिंतीवर टेम्पो येऊन थांबला. अहवाल लिहून व्हायच्या आधीच त्याचं फळ आलं होतं. 'महाशीर संवर्धन : टप्पा दुसरा' असा फलक बांधला गेला. त्याच्याखाली फुगलेल्या पिशव्या भर उन्हात एका ओळीत मांडल्या. आत सुईएवढी पिल्लं वर-खाली करत होती. प्रमुख पाहुण्यांचा फोन आला. ते अजून साक्रीत होते. सत्कार आटोपला की निघणार होते.

भटूनाना पाण्यातून बाहेर आला. कुणाला न विचारता दोन पिशव्या काखेत घेऊन तो काठाकडे निघाला.

"अहो नाना, ठेवा ते जागेवर!" भूपेंद्र पहिल्यांदाच खुर्चीवरून उठले. "पिल्लं पाहुण्यांच्या हातून सोडायचीत. फोटो व्हायचाय."

भटूनानानं पिशव्या परत ओळीत ठेवल्या. ओळ वाकडी झाली म्हणून कुणीतरी सरळ केली.

मग सगळे सावलीत बसून पाहुण्यांची वाट पाहू लागले. समोरच्या काठावर बगळे मात्र वेळेवर येऊन बसले होते.