तिसऱ्या खेपेचा शकुन

"गाडी फिरव रं, केरू!" धोंडूमामा ओरडले आणि गाडीच्या मागच्या टोकाला बसलेल्या दादूने कपाळावर हात मारून घेतला.

मांजर आडवं गेलं होतं. काळं कुळकुळीत. सुक्या बांगड्याचं डोकं तोंडात धरून ते रस्ता ओलांडून पलीकडच्या दगडी गडग्यावर चढलं आणि दिसेनासं झालं. मंगळवारी याच वळणावर हेच घडलं होतं. आज गुरुवार.

"मामा, आवो समोर घरं दिसतायत! दोनशे पावलं ऱ्हायली!"

"दिसूं देत. जल्लं मेलं ता मांजर! असल्या शकुनावर कोण मुलगी बगायला जातो?"

गाडीवान केरूने निमूट बैल वळवले. पुन्हा तेच दोन कोस, पुन्हा पालीचं घर. दादूला वाटलं, गाडीतून उतरावं आणि त्या मांजराच्या मागे धोंडा घेऊन धावावं.

मुंबईच्या गिरणीतून तो शिमग्याला म्हणून पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. आईबाप नव्हते, वडीलधारे म्हणजे एक मामा. मामांचे शकुन पाच गावांत ठाऊक होते. त्यांच्यापायी दोन स्थळं आधीच हातची गेली होती, एक शिंकेने आणि एक रिकाम्या घागरीने. त्या दोन्ही वेळी दादूला फारसं वाईट वाटलं नव्हतं. पण ही सदू घाडग्याची राही होती. गेल्या वर्षी पालीच्या बाजारात ती कासाराशी बांगड्यांवरून भांडताना त्याने पाहिली होती. भांडता भांडता ती मध्येच खळखळून हसली, आणि दादू तिथेच अडकला. तिने मात्र त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्यात सदूचा निरोप आला. शनिवारपर्यंत आलात तर ठीक, नाहीतर रविवारी नाणीजच्या स्थळाला शब्द देतो. दादूची मुंबईची बोटही रविवारचीच होती.

शनिवारी सकाळी पुन्हा तीच गाडी, तेच बैल. शकुन आधी मामांच्या नजरेला पडायला हवा, म्हणून पुढची जागा नेहमी त्यांची. तोच लाल फेटा, मिशांना तेल, छाती पुढे. दादू मागे, शिदोरीच्या हाऱ्याआड पाय सोडून बसलेला. वाटेत बैलाचा पाय मुरगळला. मग चाकाचा आस कुरकुरू लागला. उन्हाने डोकं तापलं, आणि त्याहून जास्त मामांच्या तोंडाने.

वळण आलं तसे मामा म्हणाले, "थांब रं केरू. जरा कानोसा घेऊं दे."

दादूचं डोकंच फिरलं. त्याने गाडीतून उडी टाकली आणि बैलांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"कसला कानोसा? आज मांजर येऊं दे नायतर वाघ येऊं दे, मी जाणार! लगीन माजं हाय, तुमचं न्हाय! कळलं काय?"

त्याचा आवाज एवढा चढला की काजूवरचे बुलबुल उडाले. आपण वडीलधाऱ्या माणसावर ओरडलो, याची दादूला लाज वाटली, पण राग काही उतरेना. तो तरातरा पुढे चालू लागला.

तेवढ्यात गडग्याच्या फटीतून काहीतरी सळसळत बाहेर आलं. मुंगूस! ते रस्त्याच्या मधोमध आलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि नाक हलवत दादूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळू लागलं. ऊन पडून त्याचे केस तांबूस चमकत होते. त्याला ना भीती ना घाई. चार दिवसांत पहिल्यांदाच दादूला हसू फुटलं. मग ते शेपूट उचलून, जसं आलं तसं फटीत शिरलं.

मामांनी फेटा सावरून हात जोडले. "मुंगूस! अरे, समोर हुबं ऱ्हायलं! चल, चल, दुपारपतुर सुपारी फुटतेय बग!"

आणि तसंच झालं. गूळपाणी झालं, राही मान खाली घालून बसून गेली, सदूने हरकत घेतली नाही आणि सुपारी फुटली. मामा ज्याला त्याला मुंगसाची गोष्ट सांगत सुटले. दादूला तर आता मामासुद्धा गोड वाटू लागले.

जेवणाआधी तो हात धुवायला मागच्या दारी गेला. तांब्या घेऊन राहीच आली. ती हातावर पाणी ओतत होती, तोच पेंढ्याच्या उडवीतून मुंगूस धावत आलं आणि सरसर तिच्या खांद्यावर चढून बसलं.

"ह्ये तुमचं?"

"एवडंसं व्हतं तवापास्नं पाळलंय."

दादूने हळूच विचारलं, "आन् ता काळं मांजर?"

"ता पण."

"मंग दोन येळा आमाला माघारी..."

राहीने एकदा आत वळून पाहिलं. मामांची गोष्ट अजून चालूच होती.

"गडग्याआडून बगितलं, तर दोनी येळा गाडीत म्होरं ह्यो लाल फेटाच बसल्याला," ती म्हणाली. "मना वाटलं, नवरा त्योच."