मत मोठ्यानं सांगायचं

गिरणीवाला टकवेल मतदानाच्या मचाणावर चढला, मोठ्यानं "फॅरंट!" म्हणाला आणि खाली उतरतानाच त्याच्या जबड्यावर सोटा बसला. दोन दात उडाले. तिसऱ्या फटक्याला तो चिखलात आडवा झाला.

समोरच्या खाणावळीच्या खिडकीतून जमीनदार पेनफोल्डसाहेब पाहत होते. तीन गावं त्यांच्या मालकीची होती. नव्हती फक्त पार्लमेंटातली खुर्ची, आणि तिच्यासाठी फॅरंटविरुद्ध उभे राहिलेले साहेब अगदी हपापले होते.

"मरेल हो तो," कारभारी स्टबिंग्ज म्हणाला. "वीस वर्षांचं कूळ आहे आपलं."

"मग वीस वर्षांत मत कुणाला द्यायचं ते कळायला नको? कुठली रे ही माणसं?"

"ब्रिस्टलचे नावाडी, साहेब. इथलं काळं कुत्रंही ओळखत नाहीत. एकच सांगितलंय, जो फॅरंटचं नाव घेईल त्याला झोडायचं."

"आणि मी?"

"छे, छे! बोलणं सगळं माझ्याकडून. तुमचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही त्यांनी."

"शहाणा आहेस. आता घरी जा आणि मेजवानीचं बघ."

दुपारभर सोटे चालले. पाववाल्याचा हात मोडला, खोगीरवाल्याचा डोळा गेला. नंतर फॅरंटचं नाव घ्यायला कुणी धजेना. मतदान संपायला दहा मिनिटं उरली, तेव्हा साहेब चौदा मतांनी पुढे होते. बापाला जन्मभर जमलं नाही ते आपण केलं, या आनंदानं त्यांचे डोळे भरून आले. टकवेल अजून चिखलातच होता.

तेवढ्यात खुद्द फॅरंट आला. टकवेलच्या डोक्याखाली त्यानं स्वतःचा कोट सारला, रक्ताळल्या हातांनी मचाण चढला आणि म्हणाला, "पेनफोल्ड!" नावाड्यांनी त्याला मुकाट वाट दिली.

खाली येऊन त्यानं खिडकीकडे मान वर केली. "उमेदवारानं स्वतःला मत देऊ नये, एवढी रीत तरी पाळाल ना, पेनफोल्ड?"

गर्दी हसली. साहेबांना ते झोंबलं. आपण काय कुणी भुक्कड आहोत? चौदातलं एक मत गेलं तर बिघडतं काय!

हॅट नीट करून ते रुबाबात खाली आले, गर्दीतून मचाणावर चढले.

"मत कुणाला, साहेब?" कारकुनानं विचारलं.

"फॅरंट!" चौकाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात साहेब म्हणाले, आणि पायऱ्या उतरू लागले.

"आणखी एक आला रे," खालून एक नावाडी म्हणाला.