परवानगी नाकारली

पींऽक, पींऽक, पींऽक! नायिकेची दहाही बोटं की-बोर्डवर थयथयाट करत होती आणि समोरच्या भिंतीएवढ्या काळ्या पडद्यावर पिवळीजर्द अक्षरं उमटत होती. एकेक अक्षर हाताच्या पंजाएवढं. शत्रूचा कॉम्प्युटर फोडायला आता पाचच सेकंद उरले होते, म्हणजे दिग्दर्शकाच्या हिशेबाने आख्खी दुपार.

तो पडदा ताईने केलेला. सिनेमातले कॉम्प्युटर सजवणं हाच तिचा धंदा. कुठलीही कळ दाबा, आधी ठरवलेलंच पुढचं अक्षर येणार. तिचा धाकटा भाऊ खऱ्या कॉम्प्युटरवर पोट भरणारा. शूटिंग बघायला म्हणून आला होता आणि कोपऱ्यात तोंड दाबून खिदळत होता.

“अगं ताई, कुठला कॉम्प्युटर दर अक्षराला ओरडतो? आणि अक्षरं केवढी! आंधळ्यालाही दिसतील.”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. शेजारच्या खुर्चीत आई बसली होती.

आई एकेकाळची नावाजलेली टायपिस्ट. निवृत्तीनंतर तिने हौसेने आठवणी टाइप करायला घेतल्या आणि गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. यावर इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. धाकट्याने नवाकोरा कॉम्प्युटर आणून दिला, अक्षरं थोडी मोठी करून दिली. पांढऱ्या पडद्याची तिरीप डोळ्यांत गेली आणि आईने त्याच्यावर जुना अभ्रा चढवला. बोटांना सगळं येत होतं. पण स्वतः तपासल्याशिवाय एक ओळही पुढे जाऊ द्यायची नाही, हा तिचा जन्मभराचा बाणा. आठवणी अर्ध्यावर राहिल्या. तो अभ्रा दिसला की ताई नजर वळवायची.

चहाची सुट्टी झाली.

“मला त्या बाईच्या खुर्चीत बसव,” आई म्हणाली. “नुसती बडवतेय ती. कानाला कळतं.”

ताई घाईने पुढे झाली. आई काहीही टाइप करो, ठरलेलंच उमटणार. हे तिला कसं सांगायचं? तोवर आई बसलीसुद्धा. बोटं आपापल्या जागी गेली, वर्षभरात पहिल्यांदा. तिने सरसर स्वतःचं नाव टाइप केलं. पींऽक, पींऽक, पींऽक. मग मोठा भोंगा वाजला.

आईने मान वर केली. डोळे किलकिले केले. कपाळावर आठी पडली.

“परवानगी नाकारली? अरे वा! माझंच नाव आणि मलाच परवानगी नाही?”

सेटवर हशा पिकला. ताई हसली नाही. ती आईच्या खुर्चीशी येऊन वाकली.

“आई, काय म्हणालीस?”

“मी कुठे म्हणतेय? समोर लिहिलंय की...”

आईचं वाक्य तिथेच थांबलं. तिने पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचली, एकेक करून, ओठ हलवत. धाकटा तर धावतच आला. “आई, घरी असंच करून देतो! काळा पडदा, एवढीच अक्षरं! आजच!”

“आणि तो पींऽक ठेव,” आई म्हणाली. “बोट पडल्याचं कळतं.” ताई रडत होती आणि हसतही होती.

सुट्टी संपली. नायिका परत आली. दिग्दर्शकाने अदबीने खुर्ची रिकामी करायला सांगितलं.

आईने बोटं मोडली, की-बोर्ड जवळ ओढला.

“परवानगी नाकारली,” ती म्हणाली.