यंत्रबाईचा घुंगट

सोनकी राठोडला पडद्यावरच्या समुपदेशक बाईचा भरवसा वाटत नव्हता. समोर येईल त्याच्या समाजाचा वेश, बोली, रीतभात ती यंत्रबाई हुबेहूब उचलायची. आज ती बंजारा सून झाली होती, आरशांची ओढणी घेऊन.

"इथलं बोलणं बाहेर जात नाही. मोकळं सांग, बाई."

"सासरे मारतात," सोनकी शेवटी म्हणाली. "उद्या मी नांदेडला बहिणीकडं पळून जाणार."

यंत्रबाईनं चटकन घुंगट हनुवटीपर्यंत ओढला.

सोनकीनं मागं पाहिलं. दार बंद होतं, खोलीत कुणी नव्हतं. आणि घुंगट तर सासरे समोर आल्यावर ओढतात.

"पडद्याच्या तिकडं माझे सासरे ऐकत बसलेत ना?"

यंत्रबाई गप्प राहिली. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नसतं, हेही तिला शिकवलेलं होतं.