म्हैस भुर्र

"चिमणी भुर्र!" अंगणवाडीतली सगळी बोटं फरशीवरून वर गेली. "कावळा भुर्र!" पुन्हा वर. "म्हैस भुर्र!"

बाकीची बोटं खालीच राहिली, शिवन्याचं तेवढं वर. पोरं खिदळली, तशी तिनं शेजारच्या हर्षदला फाडकन एक ठेवून दिली. तिचं बोट काय नि हात काय, डोक्याच्या आधी उठायचा.

नलूताई रागावल्या नाहीत. तिला मांडीवर घेऊन त्यांनी तिचं बोट आपल्या मुठीत धरलं. "घाई नको गं. आधी डोळे मिटून म्हैस बघ. तिला पंख आहेत का? मग ठरव." रोज हेच चाललं. हळूहळू शिवन्या स्वतःच मुठीत बोट धरायला शिकली. "पंख नाहीत," असं पुटपुटायची आणि बोट खालीच ठेवायची.

त्या दिवशी तपासणीला मोठ्या बाई यायच्या होत्या. नलूताईंनी फरशी घासून लख्ख केली होती. त्या खाली बसून खिचडी वाढत होत्या, तोच हर्षदनं भरलेली ताटली नेमकी दारात पालथी केली.

"डोळे फुटले का रे तुझे?" ताईंचा हात वर गेला. हर्षदनं अंग चोरलं.

उगारलेल्या हाताचं एक बोट चिमुकल्या मुठीत अडकलं.

"ताई," शिवन्या हळूच म्हणाली, "म्हैस आहे."

नलूताईंनी डोळे मिटले. म्हैस दिसायला त्यांना जरा वेळच लागला. मग हात खाली आला आणि हर्षदपुढे थांबला.

"चल, फडकं आणू."